उताराच्या अंगणात खळे कसे बांधावे

कोकणातील अनेक घरे डोंगरउतारावर वसलेली आहेत. घरापुढील खळे हे तेथील कुटुंबाचे मुख्य कामाचे ठिकाण होय. भाताची झोडणी, धान्य वाळविणे, कोकमाची सोले व आंबोशी सुकविणे ही सर्व कामे तेथेच होतात. परंतु उताराची जमीन घाईने सपाट करून त्यावर लगेच फरशी बसविली, तर एका पावसाळ्यातच फरशी खचते, कडेचा बांध सुटतो, आणि पाणी घराच्या जोत्याकडे वळल्यास भिंतींना ओल धरून साठविलेले धान्य बिघडते. हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे.

कामाची वेळ

पाऊस संपल्यावर जमिनीत थोडी ओल असतानाच खोदाई करावी. पुढे उन्हाळ्यात जांभ्याची जमीन टणक होऊन मजुरी वाढते. पहिल्या वर्षी माती व बांध यांचेच काम करावे. त्या हंगामात जमीन चोपून व शेणाने सारवून खळे वापरात घ्यावे. एक पावसाळा गेल्यावर भराव कोठे बसला ते पाहून ती जागा भरून घ्यावी व मगच पक्की फरशी घालावी.

आखणी व मोजणी

जागेच्या चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून सुतळी ताणावी व कोपरे गुण्याने तपासावेत. वरची सुमारे १० सेंटिमीटर कसदार माती प्रथम काढून परसबागेत टाकावी. या मातीतील पालापाचोळा व मुळ्या कुजून जागा खचते, म्हणून ती भरावात वापरू नये.

त्यानंतर उतार मोजावा. पाणी भरलेली पारदर्शक नळी याकरिता पुरेशी आहे. नळीत हवेचे बुडबुडे राहू देऊ नयेत. दोन्ही टोकांतील पाणी स्थिर झाल्यावर त्या पातळीच्या खुणा खुंट्यांवर कराव्यात आणि प्रत्येक खुणेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. दोन अंतरांतील फरक म्हणजेच उतार होय.

उदाहरणार्थ, खळे ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे आणि लांबीच्या दिशेने ६० सेंटिमीटर उतार आहे असे समजू. तयार खळ्याला घरापासून दूर १० सेंटिमीटर ढाळ ठेवावयाचा आहे; म्हणजे उरलेला फरक ५० सेंटिमीटर. वरच्या टोकाला २५ सेंटिमीटर खोदावे व खालच्या टोकाला तितकाच भराव घालावा. मध्यरेषेवर जमीन जशीच्या तशी राहील. या हिशेबाने खोदाई सुमारे १.९ घनमीटर होते व तीच माती भरावास उपयोगी पडते. चोपल्यावर भराव बसत असल्याने थोडा मुरूम जवळ ठेवावा.

घर वरच्या बाजूस असल्यास जोत्याला लागून खोदाई करू नये. मध्ये पट्टी सोडून तेथे पायरी घ्यावी. खोदाई पायाच्या तळापर्यंत कधीही पोचू देऊ नये.

गडगा व भराव

भरावापूर्वी खालच्या कडेला जांभ्याचा गडगा बांधावा. त्याचा पाया मोकळ्या मातीत न ठेवता घट्ट मुरमापर्यंत न्यावा. मोठे चिरे तळाशी ठेवावेत, सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत व गडग्याला भरावाच्या बाजूस किंचित कल द्यावा. मागे दगडांचे तुकडे भरावेत. कोरड्या गडग्यातून पाणी निथळून जाते. चुना-सिमेंटचा बांध घातल्यास पाण्यासाठी भोके ठेवणे आवश्यक आहे. बांध एक मीटरहून उंच होत असेल, तर दोन टप्पे करावेत किंवा जाणकार अभियंत्याचा सल्ला घ्यावा. ज्यांनी भातासाठी मजगी बांधली आहे, त्यांना हे तत्त्व परिचितच आहे.

भराव एकदम न टाकता १५ सेंटिमीटरचे थर द्यावेत. प्रत्येक थर पाणी शिंपून धुम्मसाने ठोकावा. माती मुठीत दाबल्यावर तिचा गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये, इतकीच ओल योग्य समजावी. आंबा-फणसाच्या बुंध्याभोवती भराव चढवू नये. साल कुजून झाड मरण्याचा संभव असतो.

पाण्याची वाट

डोंगराचे पाणी वरून येत असेल, तर खळ्याच्या वरच्या बाजूस चर खोदून ते बाजूने काढून द्यावे. उतार घराकडे असल्यास हा चर व खळ्याचा घराविरुद्ध ढाळ या दोन्ही गोष्टी अनिवार्य आहेत. हे पाणी शेजाऱ्याच्या जोत्यावर न सोडता परसातील माडांकडे किंवा ओहोळाकडे न्यावे.

फरशी

दुसऱ्या वर्षी १० सेंटिमीटर मुरूम ठोकून त्यावर सुमारे ३ सेंटिमीटर वाळू पसरावी व तीवर शहाबादी फरशी किंवा जांभ्याच्या लाद्या बसवाव्यात. धान्य वाळविण्यास गुळगुळीत फरशी सोयीची. जांभ्याच्या छिद्रांत दाणे व माती अडकतात. प्रत्येक ओळीनंतर ढाळ पाणसळीने तपासावा.

शेवटी खळ्यावर एक घागर पाणी ओतून पाहावे. पाणी कोठेही न साचता घरापासून दूर गेले, तर काम बरोबर झाले असे समजावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नळीने उतार मोजण्याचे प्रात्यक्षिक एखाद्या अंगणात करून दाखविल्यास इतर शेतकऱ्यांना ही रीत सहज आत्मसात होईल.