उसनें परत करण्याचें एकच दार

डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत घडविलेल्या सी भाषेंत संगणकाकडून मागून घेतलेली स्मृति प्रोग्रामानें स्वतःच परत करावयाची असते.

समजा, कळ दाबण्याची प्रत्येक घटना हाताळणारें एक फंक्शन आहे. तें ४,०९६ बाइट स्मृति घेतें, फाइल उघडतें व मजकूर लिहितें. कोणतीहि पायरी फसली कीं तेथल्या तेथें ‘फ्री’ व ‘एफक्लोज’ लिहून परतण्याचा नवशिक्यांचा परिपाठ असतो. तीच आवराआवर ठिकठिकाणीं लिहिली जाते. पुढें एका नव्या वाटेवर ‘फ्री’ राहून गेलें आणि ती वाट १०,००० वेळां चालली, तर ४,०९,६०,००० बाइट अडकून पडतात.

म्हणून आम्ही असें सुचवितों कीं, आवराआवर शेवटीं एकदांच लिहावी, तिला ‘क्लीनअप’ ही खूण द्यावी, व काम फसेल तेथून ‘गोटू’नें तिकडे यावें. यशाची वाटहि त्याच दारांतून जावी. आरंभींच दोन्ही पॉइंटर ‘नल’ करावे. ‘फ्री’ला नल दिल्यानें कांहीं बिघडत नाहीं, ‘एफक्लोज’ला मात्र तें देऊं नये, आधीं तपासावें.

अनिर्बंध उड्यांनीं प्रोग्रामाचा माग लागत नाहीं, म्हणून डाइक्स्ट्रा यांनीं १९६८ मध्यें गोटूचा निषेध केला. येथें उडी केवळ पुढें, एकाच दाराकडे असते. लिनक्स कर्नलच्या लेखननियमांसहि ही रीति मान्य आहे.

विद्यार्थ्यांनीं आपलें एखादें फंक्शन घ्यावें, त्यांतील प्रत्येक ‘रिटर्न’पाशीं थांबावें, आणि कोणतें उसनें फेडावयाचें राहिलें, तें पाहावें.