प्रेसशिवाय कोलाग्राफ निघेल का?

प्रश्न : कोलाग्राफ घरी करून बघायची इच्छा आहे, पण एचिंग प्रेस कुठून आणणार? तो नसेल तर ठसा नीट उमटतच नाही, असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : अर्धंच खरं आहे. १९५०च्या दशकात सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवणाऱ्या ग्लेन आल्प्स यांनी या तंत्राला नाव मिळवून दिलं. यात तांब्या-जस्ताचा पत्रा लागत नाही आणि अ‍ॅसिडही लागत नाही. पुठ्ठ्यावर वस्तू चिकटवल्या की प्लेट तयार. प्रेस लागेल की नाही, हे शाई कशी लावता त्यावर ठरतं.

शाई प्लेटभर चोळून वरची पुसून काढली, तर ती फक्त खाचांत उरते. भिजवलेला जाड कागद त्या खाचांत शिरवायला प्रेसचाच दाब हवा. हाताने घासून अशी छाप फिकट आणि तुटक येते. पण रोलरने फक्त उंच भागांवर शाई लावली, तर हात पुरतो. होकुसाईच्या काळातली जपानी लाकूडठशांची चित्रं ‘बारेन’ नावाच्या चकतीने कागद पाठीमागून घासूनच छापली जात. घरी बारेनचं काम स्टीलचा चमचा करतो. सगळा जोर त्याच्या छोट्याशा फुगीर पाठीवर एकवटतो, म्हणून लाटण्यापेक्षा तो बरा.

प्लेटसाठी कडक पुठ्ठा घ्या. त्यावर सुती जाळी, दोरा, पॉलिश पेपर, वाळलेलं पान असं काहीही फेव्हिकॉलने चिकटवा. नुसत्या फेव्हिकॉलची रेघ ओढली, तरी ती वाळून उठावदार होते. उंची मात्र दोन मिलिमीटरच्या आत ठेवा, नाहीतर कडेला कागद फाटतो. मग पुढून, मागून आणि कडांना लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या आणि एक दिवस वाळू द्या. हे टाळलंत तर पुठ्ठा शाई पितो आणि कागद प्लेटला चिकटून बसतो.

शाई तेलाची घ्या. पोस्टर कलर आपल्या उन्हाळ्यात कागद ठेवेपर्यंतच सुकतो. काचेवर शाईचा पातळ थर पसरून रोलर हलक्या हाताने फिरवा. कागद पातळ पण चिवट हवा. नेपाळी कागद उत्तम. तो कोरडाच ठेवून मधून कडेकडे घासत जा. एक बाजू घट्ट धरून दुसरा कोपरा उचलून बघा. फिकं वाटलं तर कागद परत टेकवून तेवढाच भाग घासा. अक्षरं असतील तर प्लेटवर उलटी काढायला विसरू नका. काम झाल्यावर शाई खाण्याच्या तेलाने सुटते, मग फडक्याने पुसून घ्या.

पहिली प्लेट पोस्टकार्डाएवढीच करा. मोठ्या प्लेटवर दाब सगळीकडे सारखा ठेवणं सरावानेच जमतं.