धावणाऱ्यांच्या पलीकडचा केनिया

प्रश्न : मुंबई मॅरेथॉनच्या बातमीत दरवर्षी केनिया आणि इथिओपियाची नावं पुढे असतात. माझ्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी ‘केनियातील नामवंत’ हा विषय घेतला, पण धावपटूंच्या पुढे आमची गाडी सरकेना. बाकीच्या क्षेत्रांत तिथे कोणी मोठं झालंच नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : झालं तर! प्रकल्पाची वही पुरणार नाही इतकी माणसं आहेत. मी मला जवळची वाटणारी मोजकीच सांगतो.

धावपटूंपासूनच सुरुवात करू, म्हणजे तुमच्या मुलीने केलेलं काम वाया जाणार नाही. एलिउड किपचोगे हे नाव तिने लिहिलं असेलच. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात त्यांनी मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं. वेगाची साथ द्यायला आळीपाळीने धावणारे सोबती होते, म्हणून तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही, पण दोन तासांच्या आत माणूस हे अंतर कापू शकतो हे जगाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या खाली एक नाव मात्र आवर्जून घालायला सांगा : सेराफिनो आंताव. राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाला पहिलं सुवर्ण मिळालं ते १९६२ साली पर्थला, आणि ते मिळवून देणारे आंताव हे मोंबासात जन्मलेले गोवेकर होते. १०० यार्ड आणि २२० यार्ड या दोन्ही शर्यती त्यांनी जिंकल्या. म्हणजे लांब पल्ल्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या देशाचं तिथलं पहिलं सुवर्ण काही सेकंदांच्या शर्यतीत आलं. केनिया स्वतंत्र झाल्यावर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये देशाचा झेंडा घेऊन संघापुढे चालण्याचा मानही त्यांनाच मिळाला.

आता धावण्याच्या पलीकडे. तुमच्या मुलीने एकच व्यक्ती निवडायची असेल, तर मी कामोया किमेऊ यांचं नाव सुचवीन. शाळा थोडीच झालेली, लहानपणी गुरंशेळ्या राखलेला हा माणूस. १९६० च्या सुमारास आदिमानवाचे अवशेष शोधणाऱ्या लीकी कुटुंबाच्या उत्खननावर मजूर म्हणून लागला आणि पुढे आदिमानवाचे जीवाश्म शोधणाऱ्यांत जगातल्या पहिल्या फळीत गणला गेला. त्यांचं काम म्हणजे चालणं. उन्हाने करपलेल्या खडकाळ उतारावर नजर खाली ठेवून तासन् तास चालायचं आणि हजारो खड्यांमधून हाड ओळखायचं.

१९८४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला, नारिओकोटोमे नावाच्या कोरड्या नदीपात्राजवळ तळ पडला होता. सुट्टीचा दिवस होता. बाकीचे आराम करत होते, किमेऊ मात्र पात्रापलीकडे फेरी मारायला गेले. तिथे काळपट खड्यांच्या उतारावर त्यांना एक तुकडा दिसला. आगपेटीएवढा, रंगाने आजूबाजूच्या खड्यांसारखाच. तुम्हीआम्ही त्यावर पाय देऊन पुढे गेलो असतो. त्यांनी उचलला, वळणावरून ओळखलं की ही कवटी आहे, आणि तीही माणसाच्या पूर्वजाची. मग खोदाई सुरू झाली आणि एका मुलाचा जवळजवळ सगळा सांगाडा हाती आला. सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा. ‘तुर्काना बॉय’ या नावाने तो आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. इतका जुना आणि इतका पूर्ण सांगाडा मिळणं हे या शास्त्रातलं अपूर्व भाग्य. जीवाश्म माकडांच्या दोन जातींना किमेऊ यांचं नाव दिलेलं आहे. मानद डॉक्टरेट मात्र त्यांच्या वाट्याला आली ती २०२१ साली, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. पाठ्यपुस्तकात सांगाड्याचं चित्र असतं, शोधणाऱ्याचं नाव बहुधा नसतं. तुमच्या मुलीच्या प्रकल्पात ते यावं.

दुसरं नाव वांगारी माथाई. न्येरीजवळच्या इहिते गावात १९४० साली जन्म. घराजवळ मुगुमोचं, म्हणजे आपल्या वडा-औदुंबराच्या भाऊबंदांपैकी एक झाड होतं. सरपण गोळा करायला निघालेल्या लेकीला आई बजावायची, त्या झाडाची काटकी आणायची नाही, ते देवाचं झाड आहे. आपल्या देवराईचाच नियम म्हणा ना. त्या झाडाजवळच एक झरा होता आणि झऱ्यात बेडकांची अंडी. मण्यांसारखी दिसणारी ती अंडी गळ्यात घालायला म्हणून ही मुलगी उचलायला जायची आणि ती हातातून निसटायची. पुढे अमेरिकेत शिकून ती परतली, तेव्हा जागेच्या नव्या मालकाने चहा लावण्यासाठी झाड तोडलेलं होतं आणि झराही आटला होता. झाडाची मुळं आणि झऱ्याचं पाणी यांचं नातं तिला कळलं ते पुस्तकात वाचून नव्हे, असं पाहून.

१९७१ साली नैरोबी विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणाऱ्या माथाई पूर्व आणि मध्य आफ्रिकेतल्या पहिल्या डॉक्टरेटधारक महिला. पण खेड्यातल्या बायका त्यांना सांगत होत्या ते साधंच होतं : सरपण मिळत नाही, पाणी लांब गेलं, पोरांना धड खायला नाही. ५ जून १९७७ रोजी नैरोबीजवळच्या कामुकुंजी बागेत सात रोपं लावून ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ सुरू झाली. झाडं लावायला पदवी लागते असं वनखात्याचे साहेब म्हणत. बायकांनी जवळच्या झाडांचं बी गोळा केलं, फुटक्या डब्यांत, मडक्यांत रोपं वाढवली. जगलेल्या प्रत्येक रोपामागे त्यांना थोडे पैसे मिळत. लावलेल्या नव्हे, जगलेल्या. वृक्षारोपणाच्या आपल्या सोहळ्यांत हा एक शब्द बदलला तरी पुष्कळ होईल. या चळवळीने पाच कोटींच्या वर झाडं लावली.

झाडं लावता लावता माथाई सत्तेच्या आडव्या आल्या. १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कात साठ मजली इमारत आणि राष्ट्राध्यक्षांचा पुतळा उभारायचं ठरलं. शहराला मोकळा श्वास देणारी ती बाग वाचवायला माथाईंनी देशोदेशी पत्रं लिहिली. संसदेत त्यांची टवाळी झाली, कार्यालय सोडावं लागलं. पण इमारत झाली नाही आणि बाग राहिली. घटस्फोटानंतर पतीने आपलं आडनाव लावू नका म्हटलं, तेव्हा त्यांनी ‘मथाई’तला एक स्वर वाढवून ‘माथाई’ केलं आणि तेच नाव जगाला माहीत झालं. २००४ चं शांततेचं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा त्या आपल्या मतदारसंघाकडे गाडीने निघाल्या होत्या. न्येरीत थांबून, माउंट केनियाकडे तोंड करून, हातांनी माती उकरून त्यांनी एक झाड लावलं. आनंद साजरा करण्याची त्यांची रीत तीच. माझ्यासाठी लाकडाची शवपेटी करू नका, असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. २०११ साली त्या गेल्या तेव्हा बांबू, जलपर्णी आणि पपायरस यांची पेटी विणली गेली.

तिसरे न्गुगी वा थिओंगो. इंग्रजी कादंबरीकार म्हणून नाव झालं असताना ते आपल्या गिकुयू भाषेकडे वळले. १९७७ साली लिमुरूजवळच्या कामिरिथु गावात शेतकरी-कामगारांना घेऊन त्यांनी गिकुयूत नाटक बसवलं. इंग्रजीत लिहीत होते तोवर सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं नव्हतं. लोकांना कळणाऱ्या भाषेत बोलल्यावर टाकलं. कामिती तुरुंगात त्यांनी शौचालयाच्या कागदावर गिकुयू कादंबरी लिहिली. २८ मे २०२५ ही त्यांच्या निधनाची तारीख वहीत नीट लिहून ठेवा. मातृभाषेत शिकावं की नाही हा वाद आपल्याकडे घरोघर चालतो, म्हणून हा लेखक आपण वाचायलाच हवा.

प्रश्न : केनियाच्या क्रिकेट संघाने पुण्यात वेस्ट इंडिजला हरवलं होतं असं वडील सांगतात. खरं आहे का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : अगदी खरं. २९ फेब्रुवारी १९९६, विश्वचषक, नेहरू स्टेडियम. केनिया सर्वबाद १६६, वेस्ट इंडिज सर्वबाद ९३. कप्तान मॉरिस ओडुंबे यांनी १५ धावांत ३ बळी घेतले. ब्रायन लारा यांचा झेल चष्मा लावलेले, अंगाने भरलेले यष्टिरक्षक तारिक इक्बाल यांनी टिपला, तो क्षण तुमचे वडील विसरले नसतील. पुढे २००३ च्या विश्वचषकात हा संघ उपांत्य फेरीत भारताविरुद्ध खेळला, तेव्हा त्याचे प्रशिक्षक होते आपले मुंबईकर संदीप पाटील.

प्रश्न : आमच्या घरातले दोन आजोबा बोटीने मोंबासाला जाऊन कारकुनी करत. तिथल्या स्वातंत्र्यलढ्यात गोवेकर कोणी होते का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : होते, आणि त्यातल्या एकाने प्राण दिले. पिओ गामा पिंटो. जन्म नैरोबीचा, ३१ मार्च १९२७. शिक्षणासाठी लहानपणीच हिंदुस्थानात पाठवलं गेलं, गोव्यात आणि पुढे धारवाडला शिकले, मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरी केली, तिथल्या संपात उतरले. पोर्तुगिजांविरुद्धच्या चळवळीत पडल्यावर अटकेची पाळी आली, तेव्हा १९४९ साली केनियाला परतले. एका वसाहतीच्या पोलिसांपासून निसटलेला माणूस दुसऱ्या वसाहतीत गप्प बसला नाही. इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ सशस्त्र लढ्याला त्यांनी आतून मदत केली, म्हणून इंग्रजांनी १९५४ मध्ये पकडून मांडा बेटावरच्या छावणीत टाकलं. १९५९ पर्यंत सुटका नाही.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. पिंटो खासदार झाले, पण बेदखल झालेल्या गरिबाला जमीन मिळाली पाहिजे हा आग्रह त्यांनी सोडला नाही, आणि तो नव्या सत्ताधाऱ्यांनाही बोचत होता. २४ फेब्रुवारी १९६५ च्या सकाळी नैरोबीत घराच्या फाटकापाशी त्यांना गोळ्या घातल्या. गाडीत त्यांची लहान मुलगी होती. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या. वय ३७. एका तरुणाला शिक्षा झाली. आपण निर्दोष असल्याचं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. हत्या घडवून आणणारे कधीच उजेडात आले नाहीत.

पिंटोंचे जिवलग मित्र जोसेफ मुरुंबी. वडील गोवेकर व्यापारी, आई मसाई, शाळा बंगळूरची. १९६६ मध्ये ते केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि काही महिन्यांतच पदावरून बाजूला झाले. उरलेलं आयुष्य त्यांनी आफ्रिकेतली पुस्तकं, कलावस्तू आणि टपाल तिकिटं जमवण्यात घालवलं. त्यांचा हजारो ग्रंथांचा संग्रह आज नैरोबीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. १९९० साली ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना नैरोबीच्या सिटी पार्कात, पिंटोंच्या कबरीजवळ पुरलं आहे. तुमच्या घरातलं कोणी नैरोबीला गेलं, तर तिथे दोन फुलं जरूर वाहून यावं.