नोकरीपूर्वीची मद्य व मादक द्रव्यांची चाचणी : माकणी परिसरातून परदेशी निघालेल्यांसाठी

निम्न तेरणा धरणाच्या काठची माकणी आणि तिच्या पंचक्रोशीतील गावे यांतून नोकरीसाठी बाहेर पडणारी मंडळी एके काळी सोलापूर, पुणे अथवा उमरग्यावरून जाणाऱ्या हमरस्त्याने हैदराबाद येथवर जाऊन थांबत. आता त्याच घरांतील मुलेमुली दुबई, न्यू जर्सी, सिंगापूर, पर्थ अशी नावे उच्चारू लागली आहेत, आणि त्यांच्या हाती पडणाऱ्या नेमणूकपत्रात पगार व रजा यांच्या खालोखाल एक कलम असे असते की, रुजू होण्यापूर्वी उमेदवाराने मद्य व मादक द्रव्यांची चाचणी देणे बंधनकारक आहे. ज्या घरात सुपारीचे खांडदेखील वडिलांसमोर तोंडात टाकण्याची रीत नाही, त्या घरात हे कलम वाचताच मनाला ठेच लागते. आपल्या मुलावर कोणी संशय घेतला, अशी भावना होते. परदेशी स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांकडून जे अनुभव व सूचना एकत्र केल्या, त्या पुढे देत आहे. त्या सर्वांचा सूर एकच आहे : निर्व्यसनी माणसालाही या चाचणीची पूर्वतयारी करावी लागते, कारण प्रयोगशाळेला माणसाचे शील दिसत नाही, तिला दिसतात ते नमुन्यातील रेणू आणि त्यासोबतचे कागद.

ही प्रथा संशयातून नव्हे, अपघातांतून रूढ झाली. १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी अमेरिकेच्या संघीय नोकरवर्गासाठी अमली पदार्थमुक्त कार्यस्थळाचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी, ४ जानेवारी १९८७ रोजी, मेरिलंड राज्यातील चेस या ठिकाणी मालगाडीची इंजिने सिग्नल ओलांडून प्रवासी गाडीच्या मार्गात आली, त्यात १६ माणसे मृत्युमुखी पडली, आणि इंजिनचालकाने गांजा ओढला होता असे चौकशीत निष्पन्न झाले. १९९१ च्या कायद्याने रेल्वे, विमान, मालमोटार अशा वाहतुकीच्या क्षेत्रांत, जेथे एकाच्या हातात अनेकांचा जीव असतो, तेथे चाचणी सक्तीची झाली. रुग्णालये, गोदामे, कारखाने यांनी हाच कित्ता आपापल्या परीने गिरविला. मालमोटार चालविणाऱ्या आपल्या मुलांना आणि परिचारिका होऊन गेलेल्या आपल्या मुलींना हा नियम लागू होतो तो या कारणाने.

आता चाचणी कोठे द्यावी, हा मुख्य प्रश्न. नवागताच्या हातून सर्वांत अधिक वेळा होणारी चूक म्हणजे पत्र मिळताच घराजवळची कोणतीही प्रयोगशाळा गाठून स्वखर्चाने तपासणी उरकणे आणि तो अहवाल मालकाच्या पुढे ठेवणे. असा अहवाल बहुधा स्वीकारला जात नाही. अमेरिकेत नोकरीपूर्व चाचणीचा आदेश मालकाकडून, अथवा मालकाने नेमलेल्या मध्यस्थ संस्थेकडून निघतो. त्यासोबत नोंदणी क्रमांक, मुदत आणि नमुना देण्याच्या केंद्रांची यादी येते, आणि त्या यादीतील केंद्रच आपल्यासाठी ग्राह्य होय. क्वेस्ट डायग्नॉस्टिक्स आणि लॅबकॉर्प या दोन मोठ्या प्रयोगशाळांची केंद्रे बहुतेक शहरांत आढळतात, आणि कॉन्सेन्ट्रासारखे कामगार-आरोग्याचे दवाखानेही पुष्कळ ठिकाणी आहेत. परंतु रक्त तपासणारे प्रत्येक केंद्र या कामाचा नमुना घेतेच असे नाही, आणि जे घेते तेही दिवसभर घेईलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनी करून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : आमच्या आदेशातील प्रकारची चाचणी येथे होते काय, किती वाजेपर्यंत होते, आणि वेळ आगाऊ ठरवावी लागते काय. मुदत अनेकदा दोन-तीन दिवसांचीच असते. गाडी नसलेल्या नवागताने तेथील मराठी मंडळातील कोणा जुन्या कुटुंबाला नि:संकोच सांगावे. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उत्तर अमेरिकेत उभे आहे, लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून. गणेशोत्सवाच्या वर्गणीइतकाच अशा अडीअडचणीच्या वेळी त्यांच्याशी असलेला परिचय उपयोगी पडतो.

स्वत:ची मालमोटार चालविणाऱ्याची स्थिती निराळी आहे. त्याला मालक नाही, म्हणून स्वत:ची चाचणी स्वत:च ठरविण्याची मुभाही नाही. कायद्यानुसार त्याला एखाद्या चाचणी-समूहात नाव नोंदवावे लागते आणि समूहाच्या चिठ्ठीत नाव निघेल तेव्हा हजर व्हावे लागते. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या चाचण्यांचा नमुना केवळ संघीय आरोग्य विभागाने प्रमाणित केलेल्या प्रयोगशाळेतच तपासला जातो, आणि ६ जानेवारी २०२० पासून व्यावसायिक चालकांच्या नियमभंगाची नोंद एका राष्ट्रीय दप्तरात होते, जे पुढचा प्रत्येक मालक पाहतो. औषधाच्या दुकानात मिळणारी घरगुती तपासणीची पेटी स्वत:च्या माहितीपुरती ठीक. नोकरीच्या कामी तिचा उपयोग नाही. ग्रीन कार्डासाठीची वैद्यकीय तपासणी ही आणखी वेगळी बाब असून ती अमेरिकेत इमिग्रेशन खात्याने नेमलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते.

केंद्रावर काय घडते ते आधी ठाऊक असले की अर्धी भीती मावळते. पोलीस पाटलाच्या देखत मुद्देमालाचा पंचनामा होऊन त्यावर शिक्कामोर्तब व्हावे, तद्वत येथे नमुन्याचा प्रवास कागदावर बांधला जातो : ओळखपत्र पाहिले जाते, खिसे रिकामे करावयास सांगतात, हात धुवावयास लावतात, शौचकूपातील पाण्यात निळा रंग टाकलेला असतो, आणि दार लावून उमेदवार एकटाच आत जातो. ही शेवटची गोष्ट मुलींच्या आईवडिलांसाठी मुद्दाम लिहीत आहे. प्रत्यक्ष देखरेखीखाली नमुना घेण्याचे प्रसंग नियमाने ठरवून दिलेले व विरळ आहेत, आणि त्या वेळी देखरेख करणारी व्यक्ती स्त्रीसाठी स्त्रीच असते. वाहतूक खात्याच्या चाचणीत किमान ४५ मिलिलिटर मूत्र लागते. चार मिनिटांच्या आत त्याचे तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सिअसमध्ये आहे ना, हे पाहतात. मग आपल्या डोळ्यांदेखत ३० मिलिलिटर एका बाटलीत व १५ दुसरीत ओतून दोहोंवर सील लावतात आणि त्या सीलवर आपली आद्याक्षरे घेतात. सील लागेपर्यंत नजर बाटलीवरून हलवू नये, आणि कागदावरील नाव पासपोर्टातील नावाशी अक्षरश: जुळते की नाही हे सही करण्यापूर्वी पाहावे. आपल्याकडे वडिलांचे नाव कधी मधे, कधी पहिल्या नावास जोडून लिहिले जाते आणि आडनावाची स्पेलिंगे दोन-दोन असतात. अशा विसंगतीने निर्दोष माणसाचा अहवाल आठवडाभर अडकून पडू शकतो. आपली प्रत मागून घ्यावी व जपून ठेवावी.

भीतीपोटी तांब्याच्या तांब्या पाणी पिऊन जाऊ नये. नमुन्यातील क्रिएटिनीन फार उतरले तर तो पातळ ठरतो आणि पुन्हा बोलावणे येऊ शकते. अगदीच नगण्य निघाले तर नमुना बदलला असे मानून तो चाचणीस नकार समजला जातो. संकोचाने लघवी न झाल्यास घाबरू नये : नियमाने तीन तासांची मुदत मिळते आणि तेवढ्या वेळात साधारण सव्वा लिटरपर्यंत पाणी पिता येते. मात्र चाचणी सुरू झाल्यावर कंटाळून निघून जाणे म्हणजे चाचणीस नकार, आणि नकाराचा परिणाम दोष सिद्ध होण्याइतकाच गंभीर.

ज्या विषयावर प्रत्येक कुटुंबाने भरभरून सांगितले तो म्हणजे आपला डबा आणि आपली औषधे. अनारसे खसखशीवर थापले जातात, करंजीच्या सारणात खसखस पडते, आणि धाराशिवकडच्या काळ्या मसाल्यातही कित्येक घरी ती भाजून घालतात. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडाचे बी. तिला लागून आलेल्या चिकाच्या अंशाने मॉर्फीन व कोडीन ही द्रव्ये मूत्रात उतरू शकतात. हे प्रयोगशाळांनाही ठाऊक आहे, म्हणूनच अमेरिकेच्या संघीय चाचणीत मॉर्फीनची मर्यादा १९९८ साली मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेण्यात आली. तरीही खाजगी मालकांच्या चाचण्यांत जुनी मर्यादा आढळते, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांना खसखस खाणेच टाळण्यास सांगितले. चाचणीपूर्वी काही दिवस खसखशीचा पदार्थ वर्ज्य करावा, हा त्यावरील सोपा उपाय.

आखातात आणि सिंगापुरात हा प्रश्न चाचणीपुरता उरत नाही. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे खसखस नेणे हाच गुन्हा आहे. गावाकडून निघणाऱ्या मुलाच्या पेटीत आई मायेने मसाल्याचा डबा आणि फराळाची पिशवी ठेवते. त्या डब्यातील चमचाभर खसखशीसाठी मुलाला विमानतळावर अटक होऊ शकते, ही गोष्ट माकणीतील प्रत्येक माउलीच्या कानावर गेली पाहिजे. फराळ पाठवावा, अवश्य पाठवावा, पण अनारसे वगळून चकल्या-शंकरपाळे पाठवावेत, करंज्या खसखशीवाचून कराव्यात आणि मसाला वेगळा कुटावा.

औषधांचेही तसेच. खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाची बाटली, अंगदुखीवर दिलेली ट्रामाडॉलची गोळी, झोपेची अथवा मनाच्या अस्वस्थतेची गोळी, ही आपल्याकडे डॉक्टरने लिहून दिली आणि दुकानदाराने बांधून दिली म्हणजे विषय संपतो. अमिरातीत मात्र अशी नियंत्रित औषधे नेण्यापूर्वी तेथील शासनाची ऑनलाइन अनुज्ञा घ्यावी लागते. औषध मूळ वेष्टनात, डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत व पासपोर्टातील नावाने, आणि त्यावर औषधाचे कंपनीचे नव्हे तर मूळ रासायनिक नाव असावे. ही चिठ्ठी गाव सोडण्यापूर्वीच लिहून घ्यावी, कारण निकाल लागल्यानंतर ती सातासमुद्रापलीकडून मिळविताना मुदत टळून जाते. बाळंतिणीचे दशमूलारिष्ट, अशक्तपणाचे द्राक्षासव अशा आसव-अरिष्टांत आंबविण्याच्या क्रियेनेच मद्यार्क निर्माण होतो. कामावर जाताना त्यांचा घोट घेऊ नये. श्वासाच्या चाचणीत पहिली नोंद ०.०२ किंवा अधिक आली तर अमेरिकेच्या वाहतूक नियमांप्रमाणे निदान १५ मिनिटे थांबून दुसरी घेतात, म्हणजे केवळ तोंडात रेंगाळलेला अंश निघून जातो; दुसरी नोंद ०.०४ किंवा अधिक आली तर नियमभंग होतो.

अन्य देशांविषयी थोडक्यात. कॅनडात मालकाच्या अधिकारावर मर्यादा आहेत. २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अर्विंग कागद कारखान्याच्या प्रकरणात कामगारांची वाटेल तेव्हा मद्यचाचणी करण्याचा नियम रद्द ठरविला. ऑस्ट्रेलियात प्रयोगशाळेला नाटा या संस्थेची मान्यता आहे की नाही हे पाहावे. तेथे रस्त्यावर पोलीस वाहनचालकाची लाळ कोणत्याही दिवशी तपासू शकतात. इंग्लंडात वाहनचालकाची रक्तमर्यादा १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम, स्कॉटलंडात २०१४ पासून ५०. जहाजावर जाणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कराराची मर्यादा ०.०५ टक्के आहे, आणि पुष्कळ कंपन्यांची त्याहून कडक असते.

गांजाच्या बाबतीत तरुणांची विशेष फसगत होते. कॅनडात तो १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे, अमेरिकेच्या अनेक राज्यांत त्याची उघड दुकाने आहेत, आणि महाशिवरात्रीची भांग पाहत वाढलेल्या मुलाला त्यात विशेष काही वाटत नाही. परंतु अमेरिकेच्या संघीय कायद्यात तो नियंत्रित द्रव्यच आहे. व्हिसावर असलेल्या परकीयाने तो घेतल्याची नुसती कबुली दिली तरी पुढे प्रवेश व नागरिकत्व अडू शकते, आणि त्याचा अंश मूत्रात कित्येक दिवस, नियमित घेणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडे, सापडतो. सिंगापूरचा नागरिक वा कायम रहिवासी अन्य देशात गांजाचे सेवन करून परतला, तरी तेथे तो गुन्हाच. ज्याला स्थायिक व्हावयाचे आहे त्याने त्या दुकानाची पायरी चढू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

पहिल्या ढोबळ चाचणीत काही आढळल्यास तोच नमुना अधिक सूक्ष्म पद्धतीने पुन्हा तपासतात, आणि त्यातही आढळले तर निकाल मालकाकडे जाण्यापूर्वी एक वैद्यकीय परीक्षक उमेदवाराला दूरध्वनी करतो. हा दूरध्वनी अनोळखी क्रमांकावरून येतो, म्हणून त्या आठवड्यात अनोळखी क्रमांकही उचलावेत. औषधांची हकिकत केंद्रावरील नमुना घेणाऱ्याला नव्हे, या परीक्षकाला सांगावयाची; चिठ्ठी हाताशी ठेवावी, इंग्रजी अडखळत असेल तर दुभाष्याची मागणी करण्यास लाजू नये, आणि निकाल अमान्य असेल तर ७२ तासांच्या आत दुसऱ्या बाटलीची वेगळ्या प्रयोगशाळेत तपासणी मागावी. दुसरी बाटली भरलेली असते ती याचसाठी.

राहता राहिले ते, ज्यांना खरोखरच व्यसन जडले आहे. घरापासून दूर, रात्रपाळीची नोकरी, एका खोलीत चौघे आणि बोलायला कोणी नाही, अशा अवस्थेत चांगल्या घरची मुलेही पिऊ लागतात, हे त्या कुटुंबांनी दडवून ठेवले नाही, आणि मीही ठेवत नाही. अशाने चाचणी चुकविण्याचे उपाय शोधत बसू नये. चाचणीचा हुकूम येण्याआधी मालकाकडे स्वत: जाऊन सांगणाऱ्यास अनेक ठिकाणी उपचाराची संधी मिळते. वाहतूक खात्याच्या नियमांत तर दोष सिद्ध झाल्यावरही परतीचा मार्ग आहे : तज्ज्ञाकडून मूल्यमापन, उपचार, पुन्हा रुजू होण्यापूर्वीची चाचणी आणि नंतरच्या १२ महिन्यांत किमान सहा अनपेक्षित चाचण्या. अमेरिकेत १-८००-६६२-४३५७ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र चालू असतो. भारतात १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि पुण्यात डॉ. अनिल व डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली उभे केलेले मुक्तांगण आहे, जेथे मुलाच्या वतीने आईवडीलही मराठीतून सल्ला घेऊ शकतात. गावाकडे मुलाचा असा फोन आलाच, तर वडिलांनी पहिली पाच मिनिटे काही न बोलता ऐकून घ्यावे आणि मग त्याला हे क्रमांक लिहून घ्यावयास सांगावे.