केजचं सिम काढून ठेवू नकोस

अगं, तू जर्मनीला निघालीस, म्हणजे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आईनं कधीच बांधली असेल. फोनची आठवण मात्र आपल्या घरात मुंबईच्या ट्रॅव्हल्समध्ये बसल्यावरच होते, म्हणून आजच लिहितेय.

फ्रँकफर्टला मी पहिल्यांदा उतरले तेव्हा रोमिंगचा पॅक मारलेला होता, पैसे कापले गेले होते, पण नेट येईना. खोलीचा पत्ता ई-मेलमध्ये, गाडी सुटायला वीस मिनिटं. रडूच आलं. नंतर कळलं, सेटिंगमधलं ‘डेटा रोमिंग’चं बटण बंद होतं. इकडे केजला घरी अण्णा पहाटेपर्यंत अंगणात बसून होते.

तुझा फोन ई-सिम (कार्डाशिवायचं सिम) घेत असेल तर सुरुवातीच्या दिवसांसाठी घरच्या वायफायवरच ते टाकून घे. क्यूआर कोड स्कॅन करायलाही नेट लागतं, आणि तिथं उतरल्यावर तेच तर नसतं. काही पॅकचे दिवस टाकल्यापासून मोजतात, काहींचे तिथलं नेटवर्क लागल्यापासून. पैसे भरण्याआधी एवढं वाच. रोमिंगचं बटण दोन्ही सिमना वेगवेगळं असतं. ई-सिमचं चालू ठेव, आपल्या सिमचं बंद. शिवाय एका सिमची रेंज गेली की दुसऱ्यावरून आपोआप डेटा घेण्याची सोय फोनमध्ये असते, तीही बंद कर. नाहीतर पैसे कधी गेले ते कळणारही नाही.

पण बाई, आपलं सिम काढून डबीत ठेवू नकोस. बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो, आधार त्याला जोडलंय. आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करून घे. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, पण फोन उचललास की पडतात. रिचार्ज अण्णांना करायला सांग. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरला नाही आणि त्यात बॅलन्सही नसला, तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो. परदेशात बसून तो परत मिळवणं फार अवघड.

महिन्याभरात तिथलं सिम घेशीलच. जर्मनीत जुलै 2017 पासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेव. ते सिम फ्रान्स, नेदरलँड्समध्येही घरच्याच दरात चालतं. युरोपीय संघानं 15 जून 2017 पासून तसा नियमच केलाय. स्वित्झर्लंड मात्र संघात नाही. मैत्रिणींबरोबर तिकडे निघालीस तर सीमेआधी पॅक बघ.

आणि एक. दुबईला विमान बदलताना व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. आईला हे आजच सांगून ठेव, म्हणजे ती रात्रभर फोन लावत बसणार नाही.