डाव्या हाताचा फोटो

वर्गातली मुलं भराभर उंच होतात आणि आपलं लेकरू मात्र पहिल्या बाकावरच. या काळजीनं तुम्ही डॉक्टरांकडे जाता आणि ते हाताचा एक्स-रे सांगतात. उंचीची तक्रार, मग हाताचा फोटो कशाला, असं वाटणं साहजिक आहे.

आईबाबांनो, मुलाची वाढ किती झाली आणि किती बाकी आहे, याचा अंदाज हातावरून येतो. जन्मतः मनगटाची आठही हाडं कुर्चेची असतात, म्हणून फोटोत दिसतच नाहीत. पहिली दोन काही महिन्यांत उमटतात, शेवटचं उमटायला नऊ-दहा वर्षं किंवा जास्तही लागतात. बोटांच्या हाडांशी काळ्या फटी दिसल्या तर घाबरू नका. ते फ्रॅक्चर नव्हे. हाड तिथूनच लांबतं, आणि वाढ पुरी झाली की फट बुजते. एकदा सगळ्या फटी बुजल्या की कुठल्याही पावडरीनं किंवा लोंबकळण्यानं उंची वाढत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

ग्रॉयलिश आणि पाइल या अमेरिकी तज्ज्ञांच्या चित्रसंग्रहाशी हा फोटो ताडून पाहतात. १९५९ ची आवृत्ती अजून वापरात आहे. त्यातले हात डावे, म्हणून डावखुऱ्या मुलाचाही डावाच हात. ती मुलं अमेरिकेतली होती, तेव्हा आपल्या मुलांच्या बाबतीत थोडं पुढेमागे धरावंच लागतं.

फोटोला मिनिटभर पुरतं. सुई नाही, उपाशी राहणं नाही. कडं, बांगड्या, अंगठी, ताईत घरीच काढून ठेवा. बोटं जराशी फाकवून पंजा टेबलावर सपाट ठेवायचा आणि हलायचं नाही, एवढं खेळत खेळत करून घ्या. किरणं निसर्गातून दिवसभरात मिळतात त्याहूनही कमी. तरीही आई गरोदर असेल तर आत बाबांनी किंवा आजीनं थांबावं.

रिपोर्टमध्ये ‘हाडांचं वय ९, खरं वय ११’ असं दिसलं की घरात रडारड होते. पण अशी पुष्कळ मुलं फक्त उशिरा वाढणारी असतात. बाबांना किंवा मामालाही कॉलेजात गेल्यावर उंची आली होती का, आठवून पाहा आणि डॉक्टरांना सांगा. थायरॉइडसारखं कारण आहे का, हे तेच तपासतील. मला जास्त काळजी उलट प्रकाराची वाटते. मुलीला आठ वर्षांआधी किंवा मुलाला नऊ वर्षांआधी वयात येण्याची लक्षणं दिसली, तर आज भराभर उंच दिसणाऱ्या त्या मुलाच्या फटी लवकर बुजू शकतात. तिथे ‘छान वाढतोय’ म्हणून थांबू नका.

जुने फोटो आणि शाळेतल्या उंचीच्या नोंदी जपून ठेवा, पुढच्या वेळी सोबत न्या. आणि रिपोर्टची चर्चा मुलासमोर, पाहुण्यांत, ‘बुटका’ म्हणत तर मुळीच नको.