शिवलेला डोळा पुन्हा उघडतो

मी वॉर्डात नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. साठीच्या एका मावशींच्या खालच्या पापणीतली गाठ काढली होती. पट्टी सोडली आणि मुलाने पाहिलं, तर खालची पापणी वरच्या पापणीला जोडलेली, डोळा बंद! "आईचा डोळा शिवून टाकला" म्हणून तो ओरडायला लागला. शस्त्रक्रिया चुकलेली नव्हती. पण सहीचा कागद पुढे करताना त्याला कोणी काही समजावलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तेव्हा सांगायचं राहिलं ते आज लिहिते.

पापणी म्हणजे नुसती कातडी नव्हे. बाहेरच्या थरात कातडी आणि डोळा मिटणारा स्नायू असतो. आतल्या थरात एक ताठ पट्टी आणि तिला चिकटलेलं ओलं अस्तर. खालची पापणी गेली तर डोळा नीट मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं, त्यावर जखम होते आणि नजरही जाऊ शकते. म्हणून गाठ काढल्यावर दोन्ही थर पुन्हा उभे करावे लागतात. दोन्ही थर दुसरीकडून कापून आणले तर जगत नाहीत; निदान एकाला तरी चालू रक्तपुरवठा लागतो.

देठ न तोडता वळवलेली कातडी जगते, हे आपल्याकडच्या कारागिरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाची हकीकत छापली गेली. त्याचं कापलेलं नाक पुण्याजवळच्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून पुन्हा उभं केलं होतं. तो विटा करणाऱ्यांच्या जातीतला होता, असं त्यात नोंदलेलं आहे.

मावशींची अर्ध्याहून जास्त पापणी गेली होती. तिथे अमेरिकेतल्या डॉ. वेंडेल ह्यूज यांनी १९३७ मध्ये मांडलेली पद्धत वापरली. वरच्या पापणीच्या आतून ताठ पट्टीचा आणि अस्तराचा तुकडा सोडवून खालच्या खाचेत शिवतात. वरचा देठ तोडत नाहीत, कारण रक्त तिथूनच येतं. बाहेरून कानामागची किंवा दुसरीकडची कातडी लावतात. हा देठ डोळ्यापुढे पडद्यासारखा राहतो. साधारण तीन ते सहा आठवड्यांनी, नवी पापणी स्वतःच्या रक्तावर जगू लागली की, छोट्या शस्त्रक्रियेने पडदा कापतात आणि डोळा उघडतो. पडद्यामागची नजर शाबूत असते.

म्हणून रुग्णाला दुसऱ्या डोळ्याने दिसत नसेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. तेवढे दिवस तो माणूस आंधळाच होईल. मग गालाची कातडी सरकवण्यासारखी दुसरी पद्धत निवडता येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. विडी, तंबाखू, मिश्री थांबवा. त्याने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि लावलेली कातडी काळी पडू शकते. डोळा चोळायचा नाही, पडदा ओढायचा नाही. एका डोळ्याने अंतर कळत नाही, म्हणून जिना उतरताना सोबत हवी. आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख चुकवू नका. मजुरी बुडते म्हणून लोक येत नाहीत, हे मी पाहिलंय.

मावशी पाच आठवड्यांनी आल्या. डोळा उघडला, दिसलं. मुलगा मला म्हणाला, "सिस्टर, पापणीला केस येतील का?" नवीन भागावर केस येत नाहीत, हेही आधी सांगायचं राहिलं होतं.

गाठ लहान असताना आल्या असत्या तर हे सगळं टळलं असतं. पाव पापणीपर्यंतची खाच कडा ओढून सरळ शिवता येते, म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते म्हणून थोडी जास्तही. त्याहून मोठी असेल तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळची कातडी सरकवतात. दोन्हींत डोळा बंद ठेवावा लागत नाही.

मावशी दीड वर्ष रांजणवाडी समजून शेकत होत्या. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पण पापणीच्या तेलग्रंथींचा कॅन्सर आपल्या देशात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो, आणि तो रांजणवाडीसारखाच दिसतो. गाठ त्याच जागी पुन्हा आली, तिथले केस गळले, खपली धरून रक्त येत राहिलं, तर मलम बदलत बसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी, करायला सांगा. रिपोर्ट येईपर्यंत काही वेळा जखम दोन-चार दिवस उघडी ठेवतात. कॅन्सर पूर्ण निघालाय याची खात्री झाल्यावरच पापणी बांधतात. घाबरू नका. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा.